दोन बोटं खाली

दस्तगीर स्टुलावर बसला, पाठ माझ्याकडे करून.
डावं मधलं बोट फासळ्यांमधल्या फटीत टेकवलं
आणि उजव्या बोटाने वाजवत मी खाली येऊ लागले.
ठण्. ठण्. ठण्.
उजव्या खवाट्याच्या टोकाशी: ठस्स.

"भिजलाय,"
मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला.
"डग्गा असा बोलायला लागला की आम्ही पुडी उतरवतो."

भोरच्या बाजारात वाद्या ओढणारा, शाई घोटणारा पोरगा.
वय तेवीस. तीन आठवडे दिवेलागणीला ताप,
पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक,
खोकला कोरडा,
दोनदा दिलेल्या डबीत नुसती लाळ.

एक्स-रेची ट्यूब दसऱ्यापासून गेलेली.
पाण्यातलं ते एक एन्झाइम मोजायचं तर पुणं.
पुणं म्हणजे कापूरहोळ, खेड शिवापूर, कात्रजचा बोगदा,
स्वारगेटला उतरून रिक्षा
आणि चार वाजता बंद होणारी एक खिडकी.

पेनाने त्याच्या पाठीवर रेघ ओढली,
जिथे आवाज बदलत होता तिथे.
रेघेखाली सुई घातली.
वाळल्या गवताच्या रंगाचं पाणी आलं, न पू, न रक्त.
एक बाटली थर्मासात घालून दुपारच्या एस.टी.त दिली.
उरलेल्यातलं थोडं टेस्ट ट्यूबमध्ये खिडकीत ठेवलं,
आणि बाळंतिणीकडे गेले.
परत आले तर नळीत जाळं धरलेलं,
कोपऱ्यात कोळी धरतो तसं.

पांचाळ मायक्रोस्कोपवरून मान न उचलता म्हणाला,
"सगळ्या लिम्फोसाइट. जंतू एकही नाही, मॅडम."
नसणारच.
ते आवरणाला चिकटून बसलेले, मूठभर.
पाणी त्यांचं नव्हेच,
पाणी त्यांच्यावर चिडलेल्या दस्तगीरचं.

लिहायला पेन उचललं
आणि आंबवड्याच्या कोंडाबाई आठवल्या.
मागच्या वर्षी, हाच रंग. वय मात्र बासष्ट.
मी दोन महिने टीबीच्या गोळ्या दिल्या.
गाठ होती, हे पुण्याने सांगितलं,
तोवर त्यांना झोपून श्वास घेता येत नव्हता.
त्यांची फाइल रेकॉर्डला परत केलेली नाही.
खालच्या खणात आहे. का, ते विचारू नका.

"नक्की तेच आहे ना?"
"नाही. बहुतेक."
खोटं बोलायला हवं होतं कदाचित.
तो शर्टाची बटणं लावत राहिला.
"आम्ही पण कानानेच लावतो," म्हणाला.
"हातोडी मारायची, ऐकायचं. चुकलं तर दुसऱ्या गट्ट्यावर."

वजन: त्रेचाळीस. सहा महिने.
लघवी केशरी झाली तर घाबरू नकोस.
डोळे पिवळे झाले तर मात्र त्याच दिवशी ये,
बाजाराचा दिवस असला तरी.

नवव्या दिवशी पुण्याहून कागद आला:
नमुना गोठलेला. तपासणी शक्य नाही. पुन्हा पाठवा.
मी हसायला लागले.
पांचाळला वाटलं, मॅडमचं काहीतरी बिनसलं.
त्याला खिडकीतली नळी दाखवली,
तेच जाळं, आता तळाशी बसलेलं.
पुण्याने उत्तर दिलंच होतं की,
फक्त त्याला नकार म्हणून शिक्का मारला होता.

बाविसाव्या दिवशी दस्तगीर आला, ताप नाही,
पट्टा जुन्या भोकावर.
शर्ट वर केला तर पाठीवर रेघ तशीच,
उलट जाड, निळीभोर.
"आंघोळ झाली की आई रोज गिरवते.
म्हणते, डॉक्टरनी काढलीय, पुसू द्यायची नाही."

बोट टेकवलं. ठण्.
रेघ ओलांडली. ठण्. ठण्.
मग ठस्स, पण बारीक.
"दोन बोटं खाली गेलंय," मी म्हणाले.

तो मान तिरकी करून ऐकत होता.
"परत वाजवा."
मी वाजवलं.
"दीड," म्हणाला.
"आईचा हात गिरवताना जरा वर जातो."